मधल्या सप्तकातली मी

ओंदीना सार्मेंतो वारल्या, त्याच्या चौथ्या दिवशी
भाचीनं बोलावणं धाडलं:
विकायच्या आधी एकदा पियानो सुरात लावून द्या.
बेलेंमध्ये पियानो सुरात लावायचा
म्हणजे भरतीला दम द्यायचा.
इथं लाकूड पाणी पितं, तारा गंजतात,
न चुकता रियाज करते ती फक्त वाळवी.

पंच्याऐंशी पट्ट्या. हाम्बुर्गची बांधणी.
रबराच्या शेटजींचं दिवाळं वाजलं तेव्हा
स्वयंपाकीणबाईच्या सात महिन्यांच्या थकल्या पगारापोटी
हा घरी आला.
दारातून मावेना; खिडकीची चौकट काढावी लागली.
चौकट परत बसवायला पैसे नव्हते,
म्हणून दोन वर्षं तिथं गोणपाट,
आणि गोणपाटाआड नऊ वर्षांची ओंदीना.

शिकवायला दोना क्लोतील्द, कानानं अधू.
पियानोच्या पाठीवर तळवा ठेवून
त्या चूक ओळखत.
“इथं भोक आहे,” म्हणत. “दो, रे… मग?”
मी वाजतच नव्हती. ओलीनं फुगून बसलेली.
पोरगी त्या जागी श्वास घ्यायला शिकली.

चौदाव्या वर्षी बोटीनं रिओ. प्रवेशपरीक्षा.
काळाभोर लांबलचक पियानो, तीन परीक्षक,
आणि चौथ्या ओळीत
मी वाजली.
ती दचकली, हात उचलले,
बंद दारामागून कुणी हाक मारावी तशी.
परीक्षकांना वाटलं, विसरली.
पुढच्या वर्षी पुन्हा गेली. घेतलं.

तिथल्या मास्तरांनी तिची पहिली रचना पाहून विचारलं,
“ही कुठून उतरवलीस?”
“घरून,” ती म्हणाली.
त्यांनी पान परत केलं. शेरा नाही, खूणही नाही.

आईचे डोळे गेले तशी ती परतली.
बंदराकडच्या मूक सिनेमात आठ वर्षं:
पूर आला की डावा हात, चुंबन आलं की उजवा,
रीळ तुटलं की काहीही.
त्या काहीहीसाठी लोक पुन्हा तिकीट काढायचे.
एका शुक्रवारी पडदा स्वतःच बोलू लागला.
शनिवारी मालकानं तिला खुर्ची देऊ केली, प्रेक्षकांतली.

मग शिकवण्या. रात्री कागद.
छापून आलं त्यावर नाव ओ. सार्मेंतो;
पत्रं येत ती “महाशय” म्हणून.
तिनं कधी दुरुस्त केलं नाही.
उत्तरं मात्र सगळ्यांना, जांभळ्या शाईत.
लांबच्या शहरांतले वाजवणारे तिच्या रचनांतल्या
त्या ऐन मधल्या थांब्यांबद्दल लिहीत:
केवढं धाडस, महाशय.

आज झाकण उघडलं.
एक केसांची पिन, सिनेमाचं अर्धं तिकीट,
आंब्याच्या पानांची जाळी,
आणि मीच्या हातोडीला, तारेच्या बाजूनं,
घडी घालून टाचलेली लोकरीची चिंधी.
टाके बारीक. दोरा जांभळा.

माझ्या वडलांच्या वहीत नोंद आहे, साल एकतीस:
सार्मेंतो, मी दुरुस्त केली. स्वच्छ वाजते.
पैसे मिळाले नाहीत, कुपुआसूचा मुरांबा मिळाला.

म्हणजे चाळीस वर्षं ती वाजू शकत होती.

चिमट्यानं टाके सोडवले. पट्टी दाबली.
स्वयंपाकघरात भाचीच्या हातातलं झाकण थबकलं.
“हा कुणाचा आवाज?” तिनं विचारलं.
मला सांगता येईना.
लाकडाला इतकी वर्षं ज्याची सवय नव्हती
ते लाकूड बराच वेळ घुमत राहिलं.

चिंधी होती तशी परत टाचली.
माझ्याकडे दोरा पांढराच होता.
बिलावर लिहिलं: चौऱ्याऐंशी पट्ट्या लावल्या.
भाची म्हणाली, एक चुकलीय तुमची.
म्हटलं, बाई, मोजून पाहा.
तिनं मोजल्या नाहीत.